साचा थंड धातूचा

साध्या पोलादाची एक मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी पट्टी घ्या. तिचं एक टोक शिकंज्यात घट्ट आवळा, दुसरं अधांतरी मोकळं ठेवा. वरच्या बाजूला ग्रॅफाइटचा काळा फवारा मारा आणि काहीशे वॅटचा लेझर किरण या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ रेषेत एकदाच फिरवा. किरण सरकत असताना मोकळ्या टोकावर नजर ठेवली तर ते किंचित खाली गेलेलं दिसतं, किरणापासून लांब. आता पत्रा खालीच वाकणार असं वाटतं. किरण पलीकडची कड ओलांडून निघून जातो, तापलेली रेषा निवू लागते आणि टोक थबकतं, उलटं फिरतं, वर यायला लागतं. मूळ पातळीशी ते थांबत नाही, आणखी वर चढतं. पट्टी हात लावण्याइतकी गार होते तेव्हा ती किरणाच्या दिशेनं अंश-दीड अंश वाकलेली असते आणि तशीच राहते.

तिला कुणी ढकललं? प्रकाशालाही दाब असतो हे खरं. पण हजार वॅटचा किरण पूर्णपणे शोषला गेला तरी त्याचा जोर भरतो ३.३ मायक्रोन्यूटन, म्हणजे एका मिलिग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाच्या वजनाएवढा. तेवढ्यानं पोलाद हलतही नाही. उष्णतेनं वाकलं म्हणावं, तर हीच पट्टी भट्टीत ठेवून सगळीकडून सारखी तापवा आणि सावकाश गार होऊ द्या. ती वाढेल, परत आखडेल आणि होती तशी सरळ बाहेर येईल. उष्णतेला स्वतःची अशी दिशा नसते. पत्र्याला दिशा देतो तो त्याचा न तापलेला भाग. कुठे तापवायचं एवढंच लेझर ठरवतो. दाबण्याचं, अडवण्याचं, आकार देण्याचं सगळं काम भोवतालचा थंड धातू करतो. हे एकदा पटलं की या तंत्रातल्या बहुतेक गोष्टींचा उलगडा आपोआप होत जातो.

आधी थोडा हिशेब करू. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी १०० अंश सेल्सिअसनं तापवली तर साधारण १.२ मिलिमीटरनं वाढते. आता ती न तापवता दोन्ही टोकांकडून दाबायची असं समजा (मध्येच वाकू नये म्हणून बाजूंनी आधार देऊन). साधारण सव्वा मिलिमीटरपर्यंत दाबली तर दाब सोडताच ती मूळ लांबीवर येते. त्यापुढे दाबली तर मात्र पूर्ण परतत नाही, थोडी आखूड झालेली राहते. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पट्टीची दोन्ही टोकं न हलणाऱ्या भिंतींत अडकवली आणि ती जेमतेम शंभर अंशांनी तापवली, तरी पोलाद स्वतःच्याच वाढीनं स्वतःला त्या मर्यादेपर्यंत दाबून घेतं. त्यात तापमान काहीशे अंशांवर गेलं की पोलाद मऊ पडतं आणि ती मर्यादा आणखी खाली येते. म्हणजे धातूला कायमचा आखूड करायला अवाढव्य यंत्र लागतंच असं नाही. त्याला तापवायचं आणि पसरू द्यायचं नाही, एवढं पुरतं.

गावचा लोहार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतो तेव्हा हीच शक्ती तो वापरत असतो, पण उलट्या क्रमानं. धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवलेली असते. विस्तवावर ती लालबुंद होते, मोकळेपणानं फैलावते, चाकावर बसते आणि वर पाणी ओतलं की आखडताना लाकडाला असं काही आवळते की आरे कुरकुरतात. तिथे धातूला पसरताना मोकळीक आहे आणि आखडताना अडवणूक. लेझरखालच्या पत्र्यात पसरताना अडवणूक होते आणि आखडताना बऱ्यापैकी मोकळीक मिळते. म्हणून धाव ताणलेली राहते, तर पत्र्यावरची रेषा आखूड होऊन बसते.

आता ती रेषा जवळून पाहू. किरणाचा ठिपका काही मिलिमीटर व्यासाचा असतो. तो सेकंदाला काही सेंटिमीटर या वेगानं सरकतो, त्यामुळे एका जागी त्याला सेकंदाचा लहानसा अंशच मिळतो. तेवढ्यात पत्र्याचा वरचा थर अनेक शे अंशांवर पोचतो, पण ती उष्णता खालच्या पृष्ठभागापर्यंत पुरती झिरपलेली नसते. वर तप्त, खाली त्या मानानं थंड. वरचा थर लांब व्हायला बघतो. सुरुवातीला तो थोडा लांब होतोही, आणि म्हणून पत्र्याचं मोकळं टोक खाली जातं. पण त्याच्या खालचा, पुढचा, मागचा धातू कडक आहे, तो जागा देत नाही. तापून मऊ झालेला थर मग आपल्या जागीच दबतो, जाडीच्या दिशेनं किंचित फुगतो. किरण पुढे गेल्यावर उष्णता आजूबाजूच्या धातूत पळून जाते आणि तो थर आखडायला लागतो. गार होता होता तो पुन्हा कडक झालेला असतो, आणि दबून बसल्यामुळे त्याची लांबी आता पूर्वीपेक्षा कमी असते. वरची बाजू आखूड, खालची जवळपास तेवढीच. पत्र्याला वर वळल्याशिवाय गत्यंतर नसतं.

हा फरक किती असतो? एक मिलिमीटर जाडीचा पत्रा एक अंशानं वाकायचा असेल तर वरच्या आणि खालच्या पृष्ठभागाच्या लांबीत फक्त ०.०१७ मिलिमीटरचं अंतर पडावं लागतं. सतरा मायक्रॉन. डोळ्यांना कधीच दिसणार नाही असा हा फरक, पण अंशाचा कोन मोकळ्या टोकाशी सहज दिसतो. पट्टी शंभर मिलिमीटर लांब असेल तर टोक पावणेदोन मिलिमीटर वर आलेलं असतं.

या क्रियेला तापमान-उताराची क्रिया म्हणता येईल, कारण सगळी मदार वरून खाली उतरत जाणाऱ्या तापमानावर आहे. तिचा ढोबळ हिशेब बराच सोपा आहे. किरणाची शक्ती वाढवली तर कोन त्या प्रमाणात वाढतो. वेग वाढवला तर त्या प्रमाणात कमी होतो. आणि जाडी दुप्पट केली तर कोन चौथ्या हिश्शावर येतो. प्रसरणांक मोठा असलेला धातू जास्त वाकतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, तेव्हा ते या कामात सरस ठरायला हवं. पण ॲल्युमिनियम उष्णता फार भराभर वाहून नेतं. वरचा थर तापेतो खालचाही तापतो आणि ज्या उतारावर सगळं अवलंबून आहे तोच सपाट होतो. मग शक्ती वाढवून किरण जास्त वेगानं फिरवावा लागतो. स्टेनलेस स्टीलचं उलट आहे. उष्णता वाहून नेण्यात ते मंद आणि प्रसरणात साध्या पोलादापेक्षा चांगलंच पुढे, त्यामुळे या कामासाठी ते अगदी मनाजोगतं आहे.

किरण मोठा आणि मंद केला, पत्रा आणखी पातळ घेतला, तर खेळ बदलतो. वर-खाली तापमान जवळजवळ सारखंच होतं, उतार उरत नाही. तापलेला भाग पसरायला बघतो, भोवतालचा थंड पत्रा त्याला बाजूला सरकू देत नाही, म्हणून तो पुढचा मोकळा मार्ग धरतो आणि पत्र्याला तिथे फुगवटा येतो. फुगवटा वर येईल की खाली जाईल हे मात्र लेझरच्या हातात नसतं. पत्र्यात आधीच असलेला बारीकसा बाक, लाटण यंत्रातून येताना त्यात कोंडून राहिलेले ताण, त्याचं स्वतःचं वजन, यातली कुठलीही गोष्ट पारडं झुकवते. एका फेरीत मिळणारा कोन पहिल्या पद्धतीपेक्षा बराच जास्त असतो, पण दिशा हवी तीच मिळावी म्हणून पत्र्याला आधी हलकासा बाक द्यावा लागतो.

तिसरा प्रकार घडतो तो फुगायलाही वाव नसेल तेव्हा, म्हणजे नळीत, कोनी पट्टीत, जाड छेदाच्या तुकड्यात. तापलेला भाग मग नुसता दबतो, आखूड आणि जाड होतो. नळी वाकवताना याचा मोठा फायदा आहे. यंत्रावर नळी वाकवली की तिची बाहेरची भिंत ताणली जाऊन पातळ होते, आणि उच्च दाबाच्या नळीत नेमकी तीच जागा धोक्याची ठरते. लेझरनं वाकवताना आतली बाजू तापवून आखूड केली जाते. भिंत जाड होते ती आतून. बाहेरच्या भिंतीला फारसं काही होत नाही.

उष्णतेनं पोलाद वाकवण्याची कला लेझरच्या कितीतरी आधीची आहे. जहाजाच्या नाळेजवळचे आणि मागच्या टोकाचे पत्रे दोन्ही दिशांनी वळलेले असतात आणि प्रत्येकाचा बाक वेगळा असतो. एकेका पत्र्यासाठी स्वतंत्र डाय करणं परवडत नाही. म्हणून गोदीतले कारागीर गॅसच्या ज्योतीनं पत्र्यावर रेषा ओढत जातात, मागोमाग पाण्याची धार सोडतात आणि पत्रा थोडा थोडा वळवत आणतात. जपानी जहाजबांधणीत ही विद्या फार वरच्या दर्जाला पोचली. कुठली रेषा आधी, कुठली नंतर, ज्योत किती वेळ धरायची, हे हाताला आणि डोळ्याला कळायला वर्षं जातात. आपल्याकडच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्येही वेल्डरला याची उलटी बाजू रोज भेटते. तो सांधा मारतो आणि जॉब ओढला जातो. मग त्याच जॉबच्या पाठीमागे टॉर्च मारून तो सरळ करायचा. ओढणारी आणि सरळ करणारी शक्ती एकच.

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये कोइची मासुबुची यांनी ज्योतीच्या जागी लेझर वापरून जहाजाचे पत्रे वळवण्याचा अभ्यास केला. ज्योत पसरट असते, वाऱ्यानं हलते, तिची उष्णता मोजणं कठीण. लेझरची शक्ती, ठिपका, वेग हे सगळं आकड्यांत बांधता येतं. त्याच दशकाच्या मध्यावर जपानच्या योशिहारू नांबा यांनी आणखी धीट कल्पना मांडली: अंतराळातच लेझरनं पत्रे घडवायचे. प्रेस आणि डाय अवजड असतात, त्यांना पाया लागतो. कक्षेत वजनाचा प्रत्येक किलो महाग आणि पाया कुठेच नाही. जिथे न ढकलता वाकवायचं आहे तिथे प्रकाशच योग्य, हा त्यामागचा विचार. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या एर्लांगेन विद्यापीठात मानफ्रेड गायगर आणि फ्रांक फोलर्टसेन यांनी वर सांगितलेल्या तीनही क्रिया नीट वेगळ्या करून दाखवल्या. मला हा या विषयातला निर्णायक टप्पा वाटतो. तोवर पत्रा एका प्रयोगात वर वाकायचा, दुसऱ्यात खाली, आणि लोक आकडे जुळवत बसायचे. कुठल्या परिस्थितीत कुठली क्रिया चालते हे कळल्यावर आकड्यांना अर्थ आला.

या प्रयोगांसाठी हाताशी असलेला दणकट लेझर बहुधा कार्बन डायऑक्साइडचा असे, आणि तो ज्यांनी जन्माला घातला ते कुमार पटेल मूळचे बारामतीचे. १९३८ साली तिथे जन्मलेले पटेल पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले, स्टॅनफर्डला गेले आणि १९६४ साली बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा लेझर चालवून दाखवला. पहिल्या रूपात तो अगदीच मिणमिणता होता. नायट्रोजन आणि मग हेलियम मिसळल्यावर त्याची शक्ती कित्येक पटींनी वाढली, आणि पत्रा कापणारं, जोडणारं असं हत्यार उद्योगाच्या हाती आलं.

पण या लेझरच्या प्रकाशाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे दूरच्या अवरक्त पट्ट्यातली. स्वच्छ पोलाद अशा प्रकाशाचे दहातले नऊ हिस्से परत फेकतं. कापताना ही अडचण लवकर सरते, कारण धातू वितळला की जास्त प्रकाश शोषू लागतो. वाकवताना मात्र वितळू द्यायचं नसतं. म्हणूनच ग्रॅफाइटचा फवारा, शोषण वाढवणारा. हा काळा थर या तंत्राचं अवघड जागेचं दुखणं आहे. फवारा कुठे दाट, कुठे विरळ बसतो. प्रत्येक फेरीत थोडा जळतो. दहाव्या फेरीत शोषलेली उष्णता पहिल्या फेरीइतकी नसते, आणि कोनही नसतो. गेल्या काही वर्षांत आलेल्या फायबर लेझरची तरंगलांबी एक मायक्रॉनच्या जवळपास आहे. तो प्रकाश पोलाद बराच जास्त शोषतं, त्यामुळे पुष्कळदा काळ्या थराशिवायही काम होतं.

चाकण किंवा भोसरीच्या शेडमध्ये प्रेस ब्रेकवर काम करणाऱ्या माणसाला हे सगळं सांगितलं तर त्याचा पहिला प्रश्न असेल, एका बेंडला वेळ किती? प्रश्न रास्त आहे. प्रेस ब्रेक पंच खाली आणतो आणि काही सेकंदांत काटकोन तयार. लेझरनं एका फेरीत दीड अंश धरला तरी काटकोनाला साठ फेऱ्या. दर दोन फेऱ्यांमध्ये पत्रा गार व्हायला वेळ द्यायचा, नाहीतर उतार टिकत नाही. शिवाय त्याच रेषेवरून पुन्हा पुन्हा गेल्यावर धातू कठीण आणि किंचित जाड होतो, म्हणून दर फेरीचा कोन घटत जातो. दिवसाला हजार ब्रॅकेट काढायची असतील तर लेझरचा विचारही करू नये. ठिसूळ वस्तू, एकच एक नमुना, किंवा डाय पोचतच नाही अशी जागा असेल तर हिशेब वेगळा होतो. आणि एका बाबतीत तर प्रेसला लेझरची बरोबरी करता येतच नाही: स्प्रिंगबॅक. पंच उचलला की पत्रा थोडा मागे येतो, म्हणून अनुभवी कारागीर आधीच दोन अंश जास्त वाकवतो. लेझरनं वाकवताना बाहेरचा जोर नसतोच, तेव्हा तो काढून घेतल्यावर परत येण्याचाही प्रश्न नाही.

म्हणूनच या तंत्राला खरं घर मिळालं ते फार मोठ्या वस्तूंत नाही, फार लहान वस्तूंत. जुन्या संगणकातल्या हार्ड डिस्कची फिरती तबकडी आठवा. तिच्यावरून माहिती वाचणारं शीर्ष तबकडीला न टेकता, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. आधुनिक डिस्कमध्ये हा थर दहा नॅनोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. शीर्षाला तबकडीकडे हलकेच रेटून धरते ती स्टेनलेस स्टीलची पातळ पट्टी, आणि तो रेटा असतो दोन-तीन ग्रॅम वजनाइतका. पट्टीचा बाक केसभर चुकला तर शीर्ष तबकडीला घासेल किंवा फार उंच उडेल. अशा लाखो पट्ट्या प्रेसमधून निघतात आणि प्रत्येकीत थोडा फरक असतोच. हातानं किंवा चिमट्यानं तो काढता येत नाही, कारण पट्टी परत उसळते. त्याऐवजी यंत्र पट्टीचा रेटा मोजतं, ठरावीक जागी लेझरचा झटका देतं, पुन्हा मोजतं, हवा तर आणखी एक झटका देतं. तरंगणाऱ्या शीर्षाचा तळही नेमका किती वक्र असावा याला महत्त्व असतं. ते शीर्ष असतं कठीण, ठिसूळ सिरॅमिकचं. आयबीएमच्या संशोधकांनी त्याच्या पाठीवर लेझरच्या बारीक रेषा मारून त्याचा बाक नॅनोमीटरच्या हिशेबात दुरुस्त करण्याची पद्धत विकसित केली. जे दाबलं तर तुटेल, ते प्रकाशानं वळवता आलं.

इथे एक अंश-दीड अंश ही कमतरता न राहता गुण होते. झटका जितका हलका, तितकी सुधारणा बारीक.

मोठ्या आकारांकडे वळलं की भूमितीशी गाठ पडते. कागदाची सुरळी होते, शंकू होतो, पण सुरकुती न पाडता कागदाचा वाडगा होत नाही. कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८२७ साली मांडलेल्या प्रमेयात याचं कारण आहे: पृष्ठभागावरची अंतरं न बदलता तो नुसता वाकवला तर त्याची एक प्रकारची वक्रता बदलूच शकत नाही. सपाट पत्र्याचा घुमट करायचा तर कुठेतरी धातू ताणावा तरी लागतो, नाहीतर आखडावा तरी. घुमटाचं उदाहरण घ्या. सपाट वर्तुळाचा परीघ त्रिज्येच्या ६.२८ पट असतो. घुमटावर, माथ्यापासून कडेपर्यंतचं अंतर तेवढंच धरलं तर, परीघ त्याहून कमी भरतो. म्हणजे वर्तुळाकार पत्र्याची कड आखडवली की मधला भाग आपोआप वर किंवा खाली येऊन घुमट होतो. खोगिराचा आकार नेमका उलटा. तिथे कड मधल्या भागाच्या मानानं जास्त लांब हवी. पण तापवण्यानं धातू फक्त आखूड होतो, लांब कधीच होत नाही. हातोडा ताणू शकतो, लेझर नाही. तेव्हा खोगीर करायचं तर कड तशीच ठेवून मधला भाग आखडवायचा. एकच हत्यार, एकच क्रिया, आणि तरी दोन्ही विरुद्ध आकार मिळतात ते केवळ कुठे तापवलं यावरून.

प्रत्यक्षात हे काम अवघड आहे, कारण आकार माहीत असतो आणि रेषा शोधायच्या असतात. अमुक रेषांवर किरण फिरवला तर पत्रा कसा होईल याचं गणित संगणक करू शकतो, फक्त वेळ लागतो. उलटं गणित त्याहून कठीण: हवा तो आकार देऊन विचारायचं, कुठे, किती वेगानं, कुठल्या क्रमानं फिरवू? न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात यावर बरंच काम झालं. आधी पत्र्याच्या प्रत्येक जागी किती आणि कुठल्या दिशेनं आखडवावं लागेल याचा नकाशा काढायचा, मग त्या दिशांना काटकोनात रेषा आखायच्या, मग प्रत्येक रेषेचा वेग ठरवायचा. त्यातही पहिली रेषा मारल्यावर पत्रा तो पत्रा राहत नाही. त्याचा आकार बदलला, आत नवे ताण आले, दुसऱ्या रेषेला आता वेगळा धातू भेटतो. गोदीतला जाणता कारागीर ज्योत हातात धरून मनात जे करतो, त्याचंच हे गणित.

साध्या सरळ घडीतही एक खोड निघते. रेषेच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी कोन सारखा येत नाही, घडी किंचित कमानीसारखी होते. कारण थंड धातूच्या साच्यातच आहे. मधल्या जागेला चारी बाजूंनी थंड धातू आवळून असतो. कडेला एका बाजूला धातू संपतो आणि अडवणूक ढिली पडते. शिवाय किरण शेवटच्या कडेशी पोचतो तेव्हा उष्णतेला पुढे पळायला जागा नसते. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर उपाय शोधला तो वाटेत वेग बदलण्याचा, म्हणजे रेषेच्या वेगवेगळ्या भागांत किरण कमीजास्त वेगानं न्यायचा. भारतातही आयआयटी खरगपूर आणि आयआयटी गुवाहाटी इथे लेझरनं पत्रा वाकवण्यावर संशोधन झालं आहे.

लेझरनं धातू वळवण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि तो थंड आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत वाढलेल्या या पद्धतीत पत्र्यावर एक शोषक थर आणि त्यावर पाण्याचा पातळ पडदा असतो. काही अब्जांश सेकंदांचा जबरदस्त झटका त्या थराची वाफ आणि प्लाझ्मा करतो. पाण्यामुळे तो वर उसळू शकत नाही, आणि धक्क्याची लाट धातूत शिरते. मुख्य धातू तापत नाही. त्याचा वरचा थर दबून बाजूला पसरायला बघतो, आणि पत्रा लेझरच्या विरुद्ध दिशेला वळतो, म्हणजे लेझर पडलेली बाजू फुगीर होते. पहिल्या पद्धतीच्या अगदी उलट! इथे थर आखूड होत नाही, लांब होतो. बोइंग ७४७-८ च्या पंखांचे जाड पत्रे याच पद्धतीनं वळवले गेले. शिवाय पृष्ठभागात राहिलेल्या दाबामुळे तिथे तडा सहजासहजी सुरू होत नाही, आणि विमानाच्या पंखासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

दुसऱ्या टोकाला, अगदी पातळ पत्र्याच्या जगात, लेझर आता कापणं आणि घडी घालणं एकाच यंत्रात करू लागला आहे. अमेरिकी लष्कराच्या संशोधन प्रयोगशाळेत धातूची पातळ पानं आधी सपाट कापून, मग त्याच लेझरच्या शक्ती-वेगात बदल करून त्यांच्या घड्या उभ्या केल्या गेल्या. आपल्याकडे नावं आणि नंबर कोरायला कारखान्यांत असलेले वीस-तीस वॅटचे फायबर लेझरही ०.१ मिलिमीटरच्या स्टेनलेस पत्र्याला असं वळवू शकतात. हा प्रयोग करायचा मोह कुणालाही होईल, म्हणून इथे स्पष्ट सांगतो. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, चकचकीत पत्र्यावरून कुठेही परावर्तित होतो आणि क्षणार्धात डोळ्याचा पडदा कायमचा जाळतो. त्या तरंगलांबीचाच चष्मा आणि बंद पेटी नसेल तर यंत्र सुरूच करू नये.

अशा घड्यांत सगळ्यात जास्त विचार क्रमाचा करावा लागतो. पहिला पंख, म्हणजे घडीनं वर उचलला जाणारा पत्र्याचा भाग, उभा राहू लागला की तापलेली रेषा किरणाला तिरकी भेटते. गोल ठिपका लांबट होतो, तीच शक्ती जास्त जागेवर पसरते आणि दर फेरीचा कोन घटतो. पंख आणखी वर आला की त्याची सावली मागच्या रेषेवर पडते आणि तिथे किरण पोचतच नाही. म्हणून आतल्या घड्या आधी की बाहेरच्या, कुठली अर्धवट सोडून कुठलीकडे वळायचं आणि पत्रा मध्येच कधी फिरवून धरायचा, हे सगळं पहिला किरण पडण्याआधी ठरलेलं असावं लागतं.